जखमेपुरती चांदी

चांदीच्या नॅनोकणांचा थर दिलेल्या पॉलिमरच्या तंतूंवरचा शोधनिबंध वाचायला घेतला, की शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य बरेचदा भेटतं. ही पट्टी ग्रामीण आणि दुर्गम भागातल्या रुग्णांना उपयोगी पडू शकेल, अशा अर्थाचं. दुर्गम म्हणजे नेमकं कुठे, ते लिहिलेलं नसतं. मी त्या जागी मनातल्या मनात भामरागड लिहितो आणि निबंध परत वरून वाचतो. अर्थ बदलतो. 'उपयोगी पडू शकेल' हे वाक्य कोणाला तरी दिलेल्या शब्दासारखं ऐकू यायला लागतं, आणि दिलेला शब्द कोण पाळणार, असा प्रश्न पडतो.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. पॉलिमर शिकत असताना असे तंतू निघताना मी जवळून पाहिले आहेत, आणि ते दृश्य खरंच सुंदर असतं. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पॉलिमरचं घट्टसर द्रावण भरायचं. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल चालतं, कोळंबीच्या टरफलांपासून काढलेलं कायटोसॅन चालतं. सुईला दहा ते तीस हजार व्होल्टचा दाब द्यायचा. समोर वीतभर अंतरावर ॲल्युमिनियमची फॉइल. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याचा शंकू होतो, आणि शंकूच्या टोकातून एक धार सुटते ती चाबकासारखी वळवळत फॉइलकडे जाते. वाटेतच द्रावक उडून जातो. फॉइलवर साचतो तो पांढरा, सायीसारखा थर. त्यातला एकेक तंतू काहीशे नॅनोमीटर जाड. तुमचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर असतो, म्हणजे काहीशे पटींचा फरक. बॅक्टेरिया हजारेक नॅनोमीटरचा, त्यामुळे या जाळीतून पलीकडे जाताना तो अडकतो. हवा आणि वाफ मात्र जातात. आपल्या त्वचेखालच्या कोलॅजेनची वीणही काहीशी अशाच मापाची असते, म्हणून नव्या पेशींना या जाळीवर बस्तान बसवणं सोपं जातं.

मग चांदी. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात हा थर भिजवायचा आणि रसायनाने, उष्णतेने किंवा अतिनील प्रकाशाने त्या चांदीचे कण तंतूंवरच घडवायचे. पांढरी साय पिवळट होते, मग तपकिरी. चांदी एवढी बारीक झाली की ती चांदीसारखी दिसत नाही, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते. (हातमोजे न घालता सिल्व्हर नायट्रेट हाताळलंत तर बोटं काळी पडतात आणि काही दिवस तशीच राहतात. घरी विचारतात.) शेवटी बॅक्टेरिया पसरलेल्या ताटलीत त्या पट्टीचा तुकडा ठेवतात. दुसऱ्या दिवशी तुकड्याभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, जिथे काहीच उगवलेलं नाही. हे वर्तुळ म्हणजे या क्षेत्राचा हिरो. त्याचा फोटो ठरलेला.

हे काम परदेशातच चालतं असं समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी वापरून, कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क वापरून चांदीचे नॅनोकण बनवले, ते २००३-०४च्या सुमारास. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकनीकरांच्या गटाने जखमेवर लावायच्या नॅनोचांदीच्या जेलवर २००९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमरावती विद्यापीठातल्या महेंद्र राय आणि सहकाऱ्यांचा चांदीच्या नॅनोकणांचा आढावा घेणारा लेख आला, तो जगभर संदर्भ म्हणून वापरला गेला. थोडक्यात, विदर्भातल्या जखमेसाठी लागणारं ज्ञान विदर्भातही होतं.

आता जखम. भामरागड गडचिरोलीच्या दक्षिण भागात, छत्तीसगडच्या सीमेवर. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून लांब. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे भेटतात, आणि पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावरून गेलं की गाव तुटतं, ही वर्षानुवर्षांची बातमी आहे. शेजारीच हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तो तिथे. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे माडिया गोंडांमध्ये राहायला गेले, तेव्हा वीज नव्हती आणि पुढेही कित्येक वर्षं आली नाही. दहा हजार व्होल्टचं सोडा, एक दिवा लागेल एवढीही नाही. 'प्रकाशवाटा' ज्यांनी वाचलंय त्यांना तिथल्या जखमा आठवत असतील: अस्वलाने फाडलेले चेहरे, विस्तवात पडून भाजलेली माणसं. जंगलातल्या जखमा आहेत या. थंडीत उबेला विस्तव लागतो, मोह वेचायला पहाटे जंगलात जावं लागतं, आणि मोह अस्वलालाही आवडतो.

अशा जखमेला नॅनोतंतूंची पट्टी खरंच काही देईल का? मला वाटतं, देईल. पण निबंधात ठळक केलेली ती गोष्ट नव्हे. ताटलीतलं वर्तुळ जखमेत तसंच्या तसं उमटत नाही. जखमेतल्या पाण्यात क्लोराइड असतं, प्रथिनं असतात, पू असतो. सुटलेली चांदी त्यातच बरीचशी बांधली जाते. खरा फायदा दिवसांचा आहे. चांदी हळूहळू सोडणारी चांगली पट्टी जखमेवर तीन दिवस, कधी सात दिवस राहू शकते. साधं मलम आणि गॉज रोज बदलावं लागतं. शहरात 'रोज ड्रेसिंगला या' म्हणजे रिक्षाचे पैसे. पायवाटेच्या गावात त्या वाक्याचा अर्थ रोजची पायपीट, एका माणसाची बुडालेली मजुरी, आणि मध्ये नाला भरला तर पाच दिवस तीच ओली पट्टी. सात दिवस टिकणारी पट्टी सहा वेळची ये-जा वाचवते. निबंधाच्या शेवटच्या ओळीतलं 'दुर्गम' मी गंभीरपणे घेतो ते या हिशोबामुळे.

आणि इथेच नीतीचा प्रश्न सुरू होतो. कारण ही चांदी दवाखान्याच्या वाटेने निघाली खरी, पण वाटेत बरीच खर्च झाली.

कुठे? मोज्यांत. 'दुर्गंधी नाही, जंतू नाहीत' असं सांगणाऱ्या मोज्यांत, जिमच्या टी-शर्टांत, फ्रीजच्या अस्तरात, कपडे धुताना चांदी सोडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये, आणि करोनाच्या काळात मास्कमध्ये. वॉशिंग मशीनची गोष्ट तर अशी झाली, की कपडे धुण्याचं यंत्र जंतू मारण्यासाठी पाण्यात चांदी सोडतं म्हणजे ते जंतुनाशक ठरतं, तेव्हा त्याची तशी नोंदणी व्हायला हवी, असं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००६ मध्ये ठरवलं. २००८ मध्ये ॲरिझोनातल्या दोन संशोधकांनी दुकानातून आणलेले चांदीचे मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींमधली जवळपास सगळी चांदी चार धुण्यांत निघून गेली. मोजा राहिला, चांदी गटारात.

गेली तर गेली, असं म्हणता आलं असतं. पायांचा वास ही काही छोटी समस्या नाही, लोकलने प्रवास करणाऱ्याला विचारा. पण चांदीचा इतिहास इथे आडवा येतो. १८८० च्या दशकात जर्मन डॉक्टर क्रेडे यांनी नवजात बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मतः होणाऱ्या संसर्गाने येणारं अंधत्व झपाट्याने कमी झालं. १९६०च्या दशकात भाजलेल्या जखमांसाठी चांदी पुन्हा आली. १९६८ साली चार्ल्स फॉक्स यांनी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं, तेच पांढरं मलम जे तुमच्या आईने कधीतरी पोळलेल्या हातावर लावलं असेल. आणि मग १९७५. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात एक साल्मोनेला सापडला, ज्याला चांदी मारू शकत नव्हती. चांदीच नव्हे, ॲम्पिसिलिन आणि क्लोरॅम्फेनिकॉलही नाही. रुग्ण दगावले, वॉर्ड बंद करावा लागला. पुढे १९९९ मध्ये त्या बॅक्टेरियातली चांदी बाहेर फेकणारी जनुकं ओळखली गेली. ती प्लाझ्मिडवर होती, म्हणजे डीएनएच्या अशा सुट्या वेटोळ्यावर, जे एक बॅक्टेरिया दुसऱ्याला देऊ शकतो. त्याच वेटोळ्यावर इतर औषधांना दाद न देणारी जनुकंही बसलेली असतात. चांदीशी झगडता झगडता जंतू अँटिबायोटिकशीही झगडायला शिकतो, असं घडू शकतं.

माझं म्हणणं वाढवून सांगत नाही. चांदी एकाच वेळी पेशीच्या अनेक ठिकाणी वार करते, त्यामुळे तिला पुरून उरणारे जंतू अजून दुर्मीळच आहेत. तुमच्या मोज्यामुळे भामरागडात कोणाची जखम चिघळली, असं कोणी दाखवून दिलेलं नाही, आणि मीही म्हणत नाही. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जी गोष्ट वापरल्याने झिजते आणि सगळ्यांची मिळून एकच आहे, ती आधी कोणी वापरायची?

मित्रांशी यावर बोललो की एक उत्तर हमखास मिळतं, आणि ते वाईट उत्तर नाही. मोबाइलचं. शहरातल्या हौशी लोकांनी महागडे फोन घेतले, कारखाने वाढले, किमती पडल्या, आणि म्हणून आज आलापल्लीपासून भामरागडपर्यंत पोरांच्या हातात स्मार्टफोन आहे. चैनीतूनच स्वस्ताई येते. मोजे विकले गेले तर नॅनोचांदी स्वस्त होईल, मग पट्टी स्वस्त होईल, मग ती उपकेंद्रात पोचेल. तुम्ही हा लेख ज्यावर वाचताय तेच याचा पुरावा.

हा युक्तिवाद मला बराच काळ पटत होता असं नाही, पण खोडताही येत नव्हता. फरक कुठे आहे ते नीट पाहिलं पाहिजे. मी दिवसभर फोन वापरला म्हणून तुमचा फोन कमी चालत नाही. औषधाचं तसं नाही. जंतूंना मारण्याची त्याची ताकद हा कुठल्या कंपनीच्या गोदामातला माल नसून जंतूंचा अजून न शिकलेपणा आहे. तो बाटलीत नसतो, जगात असतो, आणि प्रत्येक वापर त्यातला थोडासा खर्च करतो. पट्टीची किंमत शून्यावर आली आणि तेव्हाच जंतू शिकून बसलेले असले, तर स्वस्त झालं काय? कोलिस्टिनचं हेच चाललं होतं. बाकी काहीच लागू पडत नाही तेव्हा माणसाला द्यायचं ते अँटिबायोटिक, आणि आपण ते कोंबड्यांची वजनं वाढावीत म्हणून खाद्यात घालत होतो. २०१९ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली. बंदीपर्यंत कोंबडी स्वस्त होत होती, हे खरंच.

म्हणजे चांदीची ताकद ही जंगलासारखी आहे, आणि याबद्दल विचार करायला गडचिरोलीइतकी चांगली जागा नाही.

या भागात एक शब्द आहे: निस्तार. बाहेरच्या वाचकाला तो ओळखीचा नसेल. घर शाकारायला बांबू, चुलीला सरपण, नांगराला लाकूड, गुरांना चारा. घरच्या गरजेपुरतं जंगलातून घेण्याचा गावाचा हक्क म्हणजे निस्तार. विकण्यासाठी नव्हे, गरजेसाठी. हा हक्क कागदोपत्री नोंदलेला होता, निस्तार पत्रकं होती. आणि तरीही अनेक दशकं असं चाललं, की जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारावर बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जायचा आणि घराचं कूड करायला चार बांबू तोडणाऱ्याला वनखात्याच्या माणसासमोर उभं राहावं लागायचं. (याच काळात कायदा बांबूला झाड म्हणत होता. शाळेत आपण गवत शिकलो ना? कायद्याने ते मान्य करायला २०१७ उजाडलं.)

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव भामरागडपासून बरंच उत्तरेला आहे, पण प्रश्न तोच होता. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी तो नेटाने लढवला. गावाने एकमताने निर्णय घ्यायची पद्धत बसवली, अभ्यासगट चालवला, २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत गॅरेट हार्डिन यांचा १९६८ चा सिद्धान्त शिकवतात, की सामाईक मालमत्ता लोक ओरबाडून संपवतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल मिळालं ते बऱ्याच अंशी हे दाखवल्याबद्दल, की लोक एकत्र बसून नियम करू शकले तर तसं होत नाही. मेंढ्यात वेगळं काय घडलं? आणि गंमत म्हणजे, मेंढ्याने बांबू विकलाही. निस्तार म्हणजे विक्रीला कायमची बंदी नव्हे. आधी गरज, मग उरलं तर बाजार, आणि उरलं की नाही हे ज्यांचं जंगल त्यांनी ठरवायचं. क्रमाचा नियम आहे हा.

चांदीला हा क्रम लावून पाहा. भाजलेलं अंग, पायावरचा न भरणारा व्रण, बाळाचे डोळे, पिण्याचं पाणी: हा निस्तार. २००९ मध्ये टाटांनी हजार रुपयांच्या आत आणलेल्या वॉटर फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण होते. तो वापर मी बिनदिक्कत निस्तारात धरीन, कारण पाणी ही गरजच आहे. मोजा, टी-शर्ट, फ्रीजचं अस्तर: हा बाजार. बाजाराला माझी ना नाही. पण आज क्रम उलटा आहे. बाजार आधी घेतो, आणि उरलेल्यातून निस्ताराला देऊ असं निबंधाच्या शेवटच्या ओळीत लिहितो.

यावर सोपा उपाय सुचतो: चांदी राखून ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट केले, सहज द्यायची, जपून द्यायची आणि राखीव. चांदी त्यात नाही, कारण ती अँटिबायोटिक नव्हे. तिलाही तसं राखीव करावं, तज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये, असं म्हणता येईल. शहरात बसून ऐकलं तर हे शहाणपणाचं वाटतं. पण 'राखीव' हा शब्द गडचिरोलीत जरा उच्चारून पाहा. राखीव जंगल म्हणजे ज्यात तुम्ही शिरायचं नाही ते जंगल. कोणासाठी राखीव, याचं उत्तर तिथल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवलं आहे: त्याच्यासाठी नाही. चांदी तज्ज्ञासाठी राखीव झाली आणि तज्ज्ञ नागपुरात असला, तर मोजाही नाही आणि पट्टीही नाही.

याच्या उलट उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. 'सर्च' संस्थेत अभय आणि राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंत. अँटिबायोटिक आणि तेही इंजेक्शनचं, डॉक्टर नसलेल्या बाईच्या हातात! १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं होतं. औषध जपून वापरायचं म्हणजे मोठ्या पदवीच्या हातात कोंडायचं असा अर्थ होत नाही. गरज ओळखता येणाऱ्या, गरजेच्या जवळ असलेल्या हातात द्यायचं, असाही अर्थ होतो. आरोग्यदूत बाई बाळाच्या निस्तारापुरतं औषध वापरत होती. कोंबडीवाला राखीव औषध पोत्याने ओतत होता.

तरी एक शंका राहते, आणि ती मलाच टोचते. मी हे सगळं भामरागडच्या नावाने लिहितोय. पण भामरागडला चांदीच हवी आहे, हे कोणी ठरवलं? सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एम. सुब्रह्मण्यम या शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना केली होती. निम्म्यांना मध, निम्म्यांना चांदीचं मलम. मधवाल्यांच्या जखमा कितीतरी लवकर भरल्या; पंधरा दिवसांत ८७ टक्के, मलमवाल्यांच्या १० टक्के. १९९१ मध्ये ते 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त छापून आलं. मुंबईत वाडिया बाल रुग्णालयाच्या केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींपासून भाजलेल्या जखमेवर लावायच्या पट्ट्या केल्या, १९८५ ची गोष्ट. पुढे सायनच्या रुग्णालयात माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून तेच काम करून दाखवलं, आणखी स्वस्तात. पान चिकटत नाही, काढताना दुखत नाही, आणि भाजलेल्या माणसाला याहून महत्त्वाचं काही नसतं. चांदीच्या मलमाबद्दल तर नंतरच्या आढाव्यांनी असंही म्हटलं, की ते साध्या भाजण्यात जखम भरायला उशीरच करतं.

मग केळीचं पानच पाठवू या भामरागडला? इथे मी सावध होतो. शहराला नॅनोतंतू आणि जंगलाला पानं-मध, ही वाटणी फार चटकन जमते आणि जमवणाऱ्याला आपण मोठे उदार आहोत असंही वाटतं. पण ती पानं सायनमध्ये मुंबईकरांच्या अंगावर लावली गेली होती, आणि मध सोलापूरकरांच्या. ते 'गरिबांचं औषध' म्हणून नव्हे, जखमेचं औषध म्हणून तपासलं गेलं, म्हणूनच विश्वासाचं आहे. मुंबईत जे चालतं ते भामरागडात चालावं आणि भामरागडात लागतं ते मुंबईने आधी संपवू नये, एवढंच मला म्हणायचंय. साध्या, वरवरच्या भाजण्याला दोन्हीकडे पान किंवा मध. चिघळलेल्या, पुराच्या दिवसांत सात दिवस झाकून ठेवायच्या जखमेला दोन्हीकडे चांदी. त्या न्यायाने सर्वांत जास्त चांदी भामरागडलाच लागेल, कारण पूल बुडतो तो तिथला.

हे ठरवायला मात्र कुठली ग्रामसभा नाही. मेंढ्यात एक माणूस जरी असहमत असला तरी निर्णय थांबतो, लोक परत बसतात. मोज्यात चांदी घालायची की नाही, हे ठरतं तेव्हा त्या खोलीत विपणनवाला असतो, कापडवाला असतो, माझ्यासारखा एखादा पॉलिमरवाला असतो. पायावर व्रण घेऊन बसलेला माडिया माणूस तिथे नसतो, आणि तो नसल्यामुळे निर्णय थांबत नाही. वर्तुळाचा फोटो दाखवला जातो, सगळे माना डोलावतात.

पुढच्या वेळी असा एखादा निबंध माझ्याकडे मतासाठी आला, तर त्या शेवटच्या वाक्याखाली मी काही प्रश्न लिहिणार आहे. पट्टी किती दिवस राहते, ते ताटलीत नाही, घामात आणि पावसात पाहिलंय का? ती उपकेंद्रातल्या एएनएमला लावता येईल का, की तिला मशीन लागतं? मध किंवा केळीच्या पानाशी तुलना केली का? आणि हाच तंतू उद्या कोणी बुटाच्या अस्तरासाठी मागितला, तर तुम्ही देणार आहात का?